विनिताची पाळीव झुरळं

मीराताईंनी दिलेल्या वाणाचं झाकण उघडलं आणि विनिता किंचाळत दिवाणावर चढली. प्लास्टिकच्या डब्यात निघालं मिशा हलवणारं जिवंत झुरळ. तिच्या लाथेने हळदीकुंकवाचं तबक उडालं, पदर कुंकवात लोळला आणि गोखिवऱ्याच्या त्या सोसायटीतल्या झाडून साऱ्या बायका पोट धरून हसल्या.

"आमच्या घरात झुरळ कुठलं मिळायला!" मीराताई डोळे पुसत म्हणाल्या. "खालच्या गाळ्यातून मुद्दाम मागवलं हो तुझ्यासाठी!"

सत्त्याण्णव सालची ती संक्रांत. मीराताईंचं घर स्वच्छतेसाठी प्रसिद्ध होतं, म्हणजे मीराताईंनीच ते प्रसिद्ध केलं होतं. टँकरचं पाणी पुरवून वापरायच्या दिवसांतही त्या ओटा दोनदा धूत आणि चारचौघींना ऐकवत. आता त्यांना नवा विषय मिळाला. जिन्यात, टँकरच्या रांगेत, भाजीवाल्यापाशी त्या विनिताच्या किंकाळीची नक्कल करत. नक्कल हुबेहूब जमायची, ते जास्त झोंबायचं.

पण विनिता माणसं जोखण्यात कच्ची नव्हती. जी बाई झुरळ उचलून डब्यात घालते, तिला झुरळाची कसली भीती? तिला घाव बसायचा तर तो तिच्या स्वच्छतेवरच. तिच्या घरात, सगळ्यांदेखत झुरळं निघाली पाहिजेत. आणि ती तिथवर न्यायची, तर आधी हातात धरता आली पाहिजेत.

"मला एक झुरळ पकडून द्या," ती नवऱ्याला म्हणाली.

सदानंदचा चहा बशीत सांडला. "मागच्या आठवड्यात मारायला उशीर झाला, तर मला उपाशी ठेवलंस!"

"मारायचं नाहीये. पाळायचंय."

लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर फडकं बांधून विनिताचा संसार सुरू झाला. आधी ती दारातूनच बरणीकडे बघायची. मग सांडशीत धरून बटाट्याची साल टाकू लागली. मग सांडशी सुटली. गणपती येईपर्यंत बरणीत सहा झुरळं झाली होती आणि त्यातली एक, तुटक्या मिशीची ठमी, केळ्याच्या तुकड्यासाठी सरळ तिच्या तळव्यावर चढत होती.

"आली माझी बाय! भूक लागली?"

"माझ्याशी बोललीस का कधी अशी?" सदानंद पेपराआडून कुरकुरला.

"तुम्ही आलात का कधी असे धावत?"

भीती गेली म्हणून राग गेला, असं मात्र मुळीच झालं नाही. उलट भीतीने अडवलेली जागा मोकळी झाली आणि तिथे रागच मांडी ठोकून बसला.

पुढच्या संक्रांतीला मीराताईंनी स्वयंपाकघरात नवी ट्रॉली बसवून घेतली होती. स्टीलचे खण, ओढले की झुळकन बाहेर. त्या वर्षीचं हळदीकुंकू खरं तर त्या ट्रॉलीचंच होतं. विनिताने आदल्या दुपारीच बरणी तिरकी करून पाच झुरळं घाईघाईने एका डबीत भरली. ठमीला वगळायचं होतं. बरणीत सालींखाली एक उरलं होतं, तीच ठमी, असं तिने धरलं.

बायका तिळगूळ आणि वाणाचे डबे घेत होत्या तेवढ्यात ती "पाणी घेते हं" म्हणून आत गेली, चमच्यांच्या खणात डबी रिकामी केली, खण लोटला आणि चेहरा साधा ठेवून बाहेर आली.

"चला, ट्रॉली बघायला!" मीराताई सगळ्यांना आत घेऊन गेल्या. "मुंगीसुद्धा शिरायची नाही, असं फिटिंग आहे." आणि त्यांनी चमच्यांचा खण ओढला.

चमच्यांवरून झुरळं सुटली. बायका एकमेकींच्या पायांवर पाय देत मागे सरल्या.

"अगं बाई! मीराताईंच्या घरी?" वरच्या मजल्यावरची जागृती म्हणाली. 'मीराताईंच्या' हा शब्द तिने असा ताणला की विनिताच्या काळजाला गारवा मिळाला.

मीराताईंनी लाटणं उचललं. पहिल्या फटक्यात एक मेलं. विनिताने पापणीही लववली नाही. दुसरं मेलं. तेवढ्यात ओट्याच्या कडेने एक धावत आलं. त्याची एक मिशी तुटकी होती. लाटणं वर गेलं.

"मारू नका! ठमी आहे ती!"

विनिताने हात पुढे केला. ठमी सवयीने तळव्यावर चढली.

"आम्ही वसईकर कोंबड्या पाळतो," शेजारची सेलिन हळूच म्हणाली. "हे काय नवीन?"

मीराताईंचा चेहरा उजळला. सुटका समोरच होती. "पाहिलंत? पाहिलंत सगळ्यांनी? ही तिची झुरळं! माझ्या घरातली नव्हेतच! बोल विनिता, बोल मोठ्याने!"

सगळ्या विनिताकडे बघू लागल्या. वर्षभर जपलेला सूड एका हाकेत हातचा गेला होता. ओट्यावर दोन मेलेली पडली होती, तिनेच खाऊ घालून वाढवलेली. उरलेली दोन ट्रॉलीच्या फटीत शिरली होती. त्यांनाही ती नावाने ओळखत होती. तिने ठमीवर दुसरा हात झाकला.

"हो, माझी आहे," ती शांतपणे म्हणाली. "ही एक. मी हिला सगळीकडे बरोबर नेते, माझी भीती घालवायला. तुम्हीच नाही का वर्षभर तिची नक्कल करत होतात?"

"आणि बाकीची?"

"बाकीची?" विनिताने ओट्याकडे नजर टाकली. "अहो मीराताई, एखादं झुरळ पाळणं समजण्यासारखं आहे. एवढी कोण पाळतं?"

जागृतीने मान डोलावली. ते सगळ्यांनाच पटलं. मीराताई बोलायला गेल्या, पण बायका आपापले वाणाचे डबे तिथेच उघडून, आत वाकून बघू लागल्या होत्या.