काकूंना थंडी वाजली तेव्हा

मी पाइप ऑर्गन बोलतोय. अमेरिकेत, फ्रिस्कोजवळच्या नव्या कॉन्सर्ट हॉलमध्ये २००३ साली मला बसवलं. पोटात तीन हजार नळ्या आहेत माझ्या, पण लोक फोटो काढतात ते पुढच्या सोनेरी नळ्यांसमोर. त्यातल्या निम्म्या नुसत्या शोभेच्या, वारासुद्धा जात नाही त्यांच्यात! शोभेच्या मंडळींना पुढे उभं करायची हौस माणसांनाही आहे, हे मला इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत कळलं.

शैलजा नागपूरची, इथे पीएचडी करणारी. दोन वर्षं रोज पहाटे येऊन माझ्याशी झटत होती. २००६च्या दिवाळीत तिला दहा मिनिटं मिळाली: मंडळातल्या श्रीरामकाकांच्या पेटीबरोबर भूप. ऑर्गन महोत्सवाचे कलाकार निवडणाऱ्या बाई ऐकायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर पुढच्या वर्षी महोत्सवात तिची जागा पक्की. नाही तर विषय संपला.

कार्यक्रम चारचा, सुरू झाला सव्वापाचला. मग सत्कार! अध्यक्ष प्रल्हादकाकांनी प्रायोजकांना, त्यांच्या सौभाग्यवतींना, अगदी समोसेवाल्यालाही नारळ दिला. तोवर पैठणीतल्या काकू कुडकुडायला लागल्या.

"अहो, केवढा तो एसी! हीटिंग लावा ना!"

हीटिंगच्या बटणाशेजारी 'हात लावू नये' अशी इंग्रजी पाटी होती. प्रल्हादकाकांचं इंग्रजी उत्तम. त्यांनी पाटी नीट वाचली आणि बटण आठ वेळा दाबलं.

आता माझी एक खोड सांगतो. उकडलं की माझ्या शिट्टीसारख्या नळ्यांचा सूर चढतो. पेटीचा चढत नाही. पडद्यामागे शैलजानं पेटीबरोबर सा लावून पाहिला आणि तिचा चेहराच पडला.

"टेम्परेचर कोणी चेंज केलं? वाट लागली यार!"

"कॅन्सल करायचं का, बेटा?" श्रीरामकाकांनी विचारलं.

"थांबा काका. तुमच्या पेटीसारख्या पितळी पत्तीच्या थोड्या नळ्या आहेत ह्याच्यात. त्या सूर सोडत नाहीत. तेवढ्याच वाजवते."

म्हणजे माझं सगळं ऐश्वर्य पोरीनं गप्प बसवलं! खरं सांगतो, राग आला मला. पण भूप सुरू झाला आणि वाटलं, ही एवढीशी पेटी माझी धाकटी बहीण आहे, इतकी वर्षं भेटली कशी नाही? डोळ्यांत पाणी यायची सोय नाही मला, म्हणून निभावलं.

बाईंनी उभ्या राहून टाळ्या वाजवल्या. प्रल्हादकाकांनी आभार मानले: "हीटिंग वेळेवर लावल्यामुळेच आजचा कार्यक्रम रंगला!" शैलजाचं नाव राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी ती ह्याच थंडगार हॉलमध्ये महोत्सवात वाजवायला बसली. त्याच दिवशी मंडळाची पिकनिक होती. मराठी श्रोता एकच, पहिल्या रांगेत श्रीरामकाका. स्वेटर, मफलर, कानटोपी. दात वाजत होते, पण गडी शेवटच्या सुरापर्यंत जागचा हलला नाही.

तुम्हीही या. फक्त स्वेटर घेऊन या, आणि त्या बटणाला हात लावू नका.