साळूबाई आणि कोंडाजीच्या मधला कूड

मी कूड बोलतोय. भिंत म्हणाल तर राग येईल मला. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्या साली महाडात दत्तारामशेटने घरामागच्या पडवीत मला उभं केलं. कारवीच्या काठ्या, त्यांवर शेणमातीचा लेप, आणि उंची छपराच्या हातभर खाली. एका पडवीच्या दोन खोल्या झाल्या आणि दोन भाडेकरू आले.

अलीकडे साळूबाई, पलीकडे कोंडाजी. कोंडाजी एकटाच, पोलादपूरकडे मालाची बैलगाडी हाकतो. तिच्या फोडणीने त्याला ठसका लागतो, त्याच्या घोरण्याने तिची झोप मोडते, आणि दोष मात्र मला. का ऐकून घ्यावं मी? मिरच्या मी परततो? घोरतो मी?

यंदा साळूबाईची लेक आवडी बाळंतपणाला आली. मुलगा झाला. त्याची झोप मोडू नये म्हणून कोंडाजी गल्लीच्या तोंडाशीच बैलांच्या घुंगुरमाळा सोडून हातात घ्यायचा. चांगलं केलं. मग त्या टांगायला जागा हवी म्हणून कोंडाजीनेच माझ्या छातीत खुंटी ठोकली. कुडात खुंटी ठोकायची तर आधी शेजाऱ्याला हाक द्यायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. याने दिली नाही. खुंटी आरपार गेली आणि मातीचं ढेकूळ बाळाच्या उशाशी पडलं.

"कोंडाजी, डोळं फुटलं काय रे तुझं? पोराला लागलं असतं म्हंजे!" साळूबाई कडाडली.

"चुकलो गो बाय," एवढंच तो म्हणाला आणि माती कालवायला बसला.

लेप ओला असतानाच दत्तारामशेट आला. बाळाच्या रडण्याने तो आधीच वैतागलेला. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेरूनच साळूबाईवर ओरडला, "कूड कोणी फोडला? ज्याने फोडला त्याने आजच खोली सोडायची!"

ओली बाळंतीण घेऊन ती जाणार कुठे? तरी तिने कोंडाजीचं नाव घेतलं नाही. मला तिचा अभिमान वाटला, उगाच का लपवू?

"शेट, म्या फोडला." मातीने बरबटलेले हात घेऊन कोंडाजी दारात आला.

"मग तू चालता हो."

तेव्हा साळूबाईने पदर खोचला. "शेट, आज सहावा दिस हाय. इटाळ फिटला नाय. त्याला काढलंत, तर आमीबी निघतो. लेकीची बाज तुमच्या ओटीवर मांडते, देवघराच्या समोर. बोला!"

शेट दोन पावलं मागे सरला, मग आणखी दोन. इतका हसलो मी, की माझीच थोडी माती पडली.

कोंडाजी राहिला. शेटने राग माझ्यावर काढला. विटाळाचे दहा दिवस सरले की मला पाडून विटांची भिंत घालणार म्हणे. पाड म्हणावं! घाबरतो कोण? भिंत पक्की झाली म्हणून माणसं शहाणी होत नसतात. भाडेकरूंनो, खोली शेटची असली तरी शेजार तुमचा आहे, तो सांभाळा.

माझी काळजी नको. माझ्या कारव्या साळूबाईने आत्ताच मागून ठेवल्या आहेत. आवडीच्या बाळाच्या अंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापेल. शेटच्या विटांनी एवढं करून दाखवावं.