हलू नका

चमचा फरशीवर पडला आणि खणखणत टेबलाखाली गेला.

"बाबा आउट," खारू म्हणाली. "तू हललास."

"मी कुठे? चमचा हलला."

सकाळपासून घरात स्टॅच्यूचा सराव चालला होता. बाबाला आज आईच्या मशीनमध्ये झोपायचंय आणि तिथे जरासुद्धा हलायचं नसतं, एवढंच खारूला ठाऊक होतं. मग शिकवणी तिनंच घेतली. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, कुणी गुदगुल्या केल्या तरी नाही. चहा ढवळता ढवळता तिनं बाबाला स्टॅच्यू दिला होता, तिघंही श्वास रोखून गप्प बसली होती, आणि तेवढ्यात त्याच्या डाव्या हातातून चमचा निसटला.

तो डावखुरा शिंपी होता. कात्रीसुद्धा त्याला वेगळी लागायची, डावऱ्यांची. गेले काही आठवडे ती दुकानात खिळ्याला तशीच टांगलेली होती.

टेबलाखालून चमचा काढून खारूच्या आईनं नळाखाली धरला. गरजेपेक्षा जास्त वेळ धरला.

"बाईसाहेब," तो मागून म्हणाला, "आज मापं तुम्ही घ्यायची. मी म्हणतो तसंच म्हणा, श्वास सोडा, हलू नका."

"मी श्वास सोडा नाही म्हणत."

"मग काय म्हणतेस?"

"डॉक्टर सांगतील," खारूच मध्ये म्हणाली, आणि तिघंही हसली.

हा घरातला जुना विनोद होता. ती इस्पितळात एमआरआयचं मशीन चालवायची. मशीनमधून बाहेर आलेला प्रत्येक माणूस टेबलावरून उठता उठता तिचा चेहरा वाचायला बघायचा आणि विचारायचा, काय दिसलं हो? टेक्निशियननं काही सांगायचं नसतं. इतक्या वर्षांत ते दोन शब्द तिच्या जिभेवर असे बसले होते, की भाजी काय केली आहे म्हटलं तरी घरात हेच उत्तर मिळायचं.

मशीनच्या खोलीत बारा महिने थंडी. तिचा राखाडी स्वेटर तिथल्या खुंटीला कायमचा लटकलेला असे. आज तिनं तो त्याच्या पायांवर घातला.

"हा झगा कुणी शिवलाय?" तो बाह्या ताणत म्हणाला. "खांदा पार दंडावर उतरलाय. शिंप्याचा हात मोडायला हवा." मग त्याची नजर स्वतःच्या डाव्या हाताकडे गेली.

धोक्याची घंटी वाजवायचा रबरी चेंडू तिनं त्याच्या उजव्या हातात दिला.

काचेपलीकडे तिच्यासोबत मशीन चालवणारे दादा बसले होते. "मी करतो," ते म्हणाले. "तू बाहेर जाऊन बस. घरच्या माणसाचं आपण करू नये."

"मी नसले तर तो आत जाणार नाही."

"आणि तू असलीस तर तू बाहेर येशील का?"

ती खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली.

त्याच्या मेंदूत गाठ होती, पार खोल. सुई घालून तुकडा काढायचा तरी वाटेत बोलणं, चालणं, सगळंच येत होतं. सर्जननी हात जोडले होते. म्हणून ही नवी तपासणी. कवटीला धक्का न लावता, गाठीच्या पेशींच्या जनुकांत एक ठरावीक बदल झालाय का, याचा अंदाज बाहेरून बांधायचा. बदल झालेल्या पेशी एक पदार्थ साठवत जातात, आणि तो पदार्थ असला की आलेखावर ठरलेल्या जागी बारीकसा उंचवटा येतो. ती आणि दादा त्याला टेंगूळ म्हणत. टेंगूळ असलं तर गाठ संथ, हातात वर्षं, आणि देऊन बघायला एक गोळी. नसलं तर रेडिओलॉजिस्ट मॅडम चष्मा काढून ठेवतात.

गाठीच्या चित्रावर नेमकी चौकट बसवायचं काम तिचं. आजवर कितीतरी अनोळखी डोक्यांत तिनं ती बसवली होती, भिंतीवर फोटो लावावा इतक्या सहज. आज चौकट चार वेळा सरकवली.

"आता आवाज होईल," ती माईकमध्ये म्हणाली. "हलू नकोस."

मशीन ठोकायला लागलं. आलेख हळूहळू पडद्यावर उगवला. एक टोक, दुसरं टोक, आणि ठरलेल्या जागी सपाट.

"तू हललास," ती माईकमध्ये म्हणाली.

आतून त्याचा आवाज आला, बादलीतून आल्यासारखा. "नाही गं."

"हललास. परत घेते."

दादांनी तिच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. माणूस हलला की टोकं फिसकटतात, शाई पाण्यात पडल्यासारखी. ही टोकं सुईसारखी होती. दादांनी उठून तिच्यासाठी पाणी आणलं.

दुसऱ्यांदाही तेच.

मॅडम येऊन तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "हा अंदाज असतो, तुला माहीत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण बाकीची चित्रंही तेच म्हणतायत." त्यांनी चष्मा काढला. "उद्या दोघं या. सर्जनना मी बोलावते."

टेबल बाहेर सरकलं. तो डोळे मिचकावत उठला, तिच्या दंडाला धरून.

"काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील."

तिच्या तोंडून निघूनच गेलं. तो हसला. मग तिचा चेहरा बघितला, आणि हसू आवरायचं राहून गेल्यासारखं त्याच्या ओठांवर तसंच राहिलं.

बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. उतरायच्या जरा आधी म्हणाला, "हललोच असेन मी. घसा खवखवत होता. एकदा गिळलं बहुतेक."

"हं."

"म्हणजे ते धरायचं नाही ना? पुन्हा करावं लागेल."

"बघू."

"पुढच्या वेळी नाही हलणार," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी उमेद होती, की तिला खालची पिशवी उचलायचं निमित्त करून वाकावं लागलं.

शेजारच्या काकूंच्या दारातून खारू धावतच आली.

"बाबा, हललास?"

"आई म्हणते, हललो."

खारूचा चेहरा पडला. "इतकं शिकवलं तुला," ती म्हणाली, "आणि तू जाऊन हललास. तुला काही म्हणजे काही जमत नाही."

तो खाली बसून एका हातानं बुटाची नाडी सोडवत होता. मान वर केली नाही. डावा हात मांडीवर पालथा पडला होता.

हललो, हे एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं. ते त्याच्यापाशी राहू द्यावं, रात्रीपुरतं तरी, असं तिला वाटलं. पण काचेतून बघितलेली ती पावलं तिच्या डोळ्यांसमोरून जाईनात. स्वेटरखाली जोडून ठेवलेली, सगळा जीव एकवटून स्थिर.

"नाही गं खारू," ती म्हणाली. "बाबा हलला नाही. मीच चुकीचं बोलले. अजिबात हलला नाही तो. इतकं स्थिर माझ्या मशीनमध्ये आजवर कुणी झोपलं नसेल."

नाडीवरचा हात थांबला. त्यानं वर बघितलं, तिच्याकडे. मग मान डोलावली, गिऱ्हाइकानं माप सांगितल्यावर डोलवायचा तशी, आणि पुन्हा नाडी सोडवू लागला.

खारूनं टाळ्या पिटल्या. बाबाच्या गळ्यात पडून तिनं वळून आईकडे बघितलं.

"मग बाबा जिंकला ना, आई?"