पिंजऱ्यावरचं नाव

आमच्या दुकानासमोरचं झाड गळा आवळून मेलं आणि आवळणारे आमच्याच घरचे होते. सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांना वाटली नाही, तर मला कशाला वाटावी?

सासरे गेले तेव्हा नगरपालिकेची योजना चालू होती. शहरात सावली वाढवायची म्हणून रस्त्याकडेला रोपं लावत होते. रोप त्यांचं, भोवतीचा लोखंडी पिंजरा आपण द्यायचा, म्हणजे पिंजऱ्यावर आपल्या माणसाच्या नावाची पाटी लागते. थोरल्या दिरांनी, घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, लगेच पिंजरा दिला. पाटीवर सासऱ्यांचं नाव, खाली देणाऱ्याचं म्हणून दादांचं. तेही काही लहान अक्षरात नव्हतं. फोटो काढून झाल्यावर दादा घरी गेले. पाणी घालायला मी होतेच.

दुकान म्हणजे काय, पत्र्याची खोली, दोन शिलाई मशिनी आणि मागे सासूबाईंची खाट. दुपारी पत्रा असा तापायचा की कात्री हातात धरवत नसे. सासूबाईंना दमा. उकाड्यात त्यांचा श्वास कोंडायचा, मग पंखा चालू असूनही मी मशीन सोडून त्यांना वारा घालत बसायची. झाड पत्र्याच्या वर गेलं आणि आमची सुटका झाली. जेवण झालं की सासूबाई खुर्ची घेऊन झाडाखाली जायच्या, पिंजऱ्याला पाठ लावून मला कपड्यांना बटणं लावून द्यायच्या. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी फुकट.

पण खोड जाड होत गेलं आणि पिंजरा होता तेवढाच राहिला. त्याची वरची कडी सालीत रुतली. कडीच्या वर खोड सुजल्यासारखं दिसायला लागलं, शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. मी बागखात्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, "पिंजरा देणगीदाराचा आहे. ते म्हणाले तर कापू. तुम्ही आधी घरात ठरवा ना."

देणगीदार म्हणजे दादा.

"पिंजरा काढला तर पाटी कुठे लावायची?" दादा म्हणाले. "बाबांचं नाव चार लोक वाचतात. ते पुसायला निघालीस तू?"

"अहो दादा, झाड मरेल. आईंनी दुपारी बसायचं कुठे?"

"एवढं झाड एका कडीने मरतं होय? काहीतरीच."

"पाटी मी दुकानाच्या दारावर लावते. येणारा प्रत्येक जण वाचेल."

"शिंप्याच्या दुकानावर?" दादांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर याच दुकानात लोकांचे कपडे शिवले, त्यावर दादा शिकले, हे ते सोयीने विसरले. आमचे हे तिथेच बाजूला मूग गिळून बसले होते. नंतर मला म्हणाले, "दादाला कोण सांगणार?" "मी सांगितलं की, आत्ताच," मी म्हटलं. पण ह्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

शेवटी मी पलीकडच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने ग्राइंडर लावला नाही तोच दादा हजर. कोणी चुगली केली देव जाणे. भर रस्त्यात पिंजरा दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "माझ्या बापाच्या नावाला हात लावून तर बघ," म्हणाले. वेल्डिंगवाल्याने वायर गुंडाळली. "वहिनी, तुमचं आधी घरात मिटवा," म्हणून तोही गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी वारा सुटला, फार मोठाही नाही. झाड बरोबर कडीपाशी मोडलं. दादांच्या गाडीवर पडायला हवं होतं, पण झाडाला तेवढी अक्कल कुठली. रस्त्यावर पडलं. मी पडलेल्या फांद्यांत उभी राहून रडले, आणि दादांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

बुंधा काढायचा तर पिंजरा कापणं आलं. आता दादांनी स्वतः परवानगी दिली. तोच वेल्डिंगवाला आला. कडी कापायला त्याला चहा प्यायला लागतो तेवढा वेळही लागला नाही. मग नवीन रोप लावलं, माझ्या करंगळीएवढं, आणि तोच पिंजरा जोडून, रंगवून पुन्हा भोवती उभा केला. मागाहून बागखात्याचा माणूस झाडं मोजायला आला, पाटी वाचली, फोटो काढला आणि झाड जगलंय असं लिहून पुढे गेला.

दादा सासूबाईंना भेटायला आत आले. त्या खाटेवर बसून तोंडाने श्वास घेत होत्या.

"आई, बाहेर येऊन बघ तरी. बाबांचं नाव कसं चकाकतंय."

"मला कुठे वाचता येतं रे," सासूबाई म्हणाल्या. मग श्वास जमेपर्यंत थांबल्या. "सावलीत बसलं की ते जवळ बसलेत असं वाटायचं. तेवढंच होतं मला."

दादांनी उठून पंखा वाढवायला बटण फिरवलं. ते आधीच शेवटच्या आकड्यावर होतं.