मागे घर नसलेला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पुढून बघाल तर म्हणाल, काय खानदानी शिसवी काम! मागून बघाल तर म्हणाल, अरेरे. मागे नुसतं प्लायवूड, दोन तिरके टेकू आणि मोकळं रान. मित्रांनो, माझ्यामागे घर नाही. कधी नव्हतंच.

एका गाजलेल्या कादंबरीवर सिनेमा निघाला, तेव्हा सुतारकाकांनी मला घडवलं. शिसवीच्या रेषा त्यांनी ओल्या रंगात जुन्या कंगव्याने ओढल्या. सिनेमात माझा प्रसंग एकच. रुसून गेलेली मुलगी परत येते, कडी वाजवते. आतून बाप विचारतो, "कोण आहे?" ती म्हणते, "मी." बाप म्हणतो, "थांब, आलो." आणि मी उघडतो. एवढ्यावर म्हणे थेटरं रडली.

सिनेमा उतरला, पण मला मोडलं नाही. सहलीच्या बस येऊ लागल्या. सकाळी लेखकाच्या घरी त्याचा चष्मा आणि दौत बघायची, दुपारी मला बघायचं. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पिवळ्या टोप्या, म्हणजे माणूस हरवत नाही. रांगेत उभं राहून एकेकाने कडी वाजवायची. मागे स्टुलावर बसलेले सुतारकाका बापाची वाक्यं म्हणायचे. मग स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, मी उघडायचो आणि लोक आनंदाने किंचाळायचे.

कडी कशी वाजते त्यावरून मी माणूस ओळखतो. जावई दोन बोटांनी वाजवतात. सासवा कडी सोडून थेट थाप मारतात. काही जण आधी कडी रुमालाने पुसतात, आणि तेच नंतर हात न धुता वडा खातात. एकदा एका निवृत्त गुरुजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि जाहीर केलं, "पुस्तकात हे दार हिरवं आहे!"

"गुरुजी, लेखकाला रंग फुकट असतो," गाईड म्हणाला.

काका मात्र माझ्यावर वेगळीच टकटक करायचे. सकाळी कामावर आले की दोनदा, जरा थांबून पुन्हा एकदा. मी बरा आहे ना, हे विचारल्यासारखी.

त्यांची लेक लग्नावरून भांडून घर सोडून गेली होती. ती जाताना काकांनी तिला बजावलं होतं, "या घराचं दार तुला बंद." गाईडला ते ठाऊक होतं. चहा पिताना तो चिडवायचा, "काका, दिवसभर परक्यांच्या पोरींना दार उघडता. स्वतःच्या पोरीचं काय?"

काका चहावर फुंकर मारत म्हणायचे, "तिने वाजवलं तर ना."

मग काकांचा खोकला वाढला. गाईड म्हणाला, "काका, आवाज तरी ठेवून जा." त्यांनी तेवढी वाक्यं फोनवर बोलून दिली. सहलींचा हंगाम संपला आणि काकाही संपले. लेकीचा पत्ता कोणाकडेच नव्हता.

पुढच्या हंगामात माझ्या पाठीवर एक स्पीकर बसला. मला कोणी ढकलू नये म्हणून मागून आडवी फळी ठोकली. स्पीकरचं बटण गाईडच्या खिशात. माणूस गेला, आवाज कामावर हजर! "थांब, आलो," असं काका माझ्या लाकडातून म्हणायचे आणि कोणीच यायचं नाही. लोक हसून, फोटो काढून निघून जायचे. मी मात्र दर वेळी स्टूल सरकण्याची वाट बघायचो.

एका दुपारी रांगेच्या शेवटी एक बाई आली. तिने कडी नुसती धरून ठेवली. मग वाजवली. दोनदा, जरा थांबून पुन्हा एकदा.

माझ्या बिजागऱ्या गार पडल्या.

"कोण आहे?" आवाजाने विचारलं.

"मी," ती म्हणाली. मग अगदी हळू, "बाबा, मी आलेय."

"काय अ‍ॅक्टिंग करते हो!" मागून कोणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

"थांब, आलो."

ती थांबली. बाकीच्या टोप्या बसकडे गेल्या, तरी ती थांबली.

"ताई, चला. बस सुटेल."

"आलो म्हणालेत ते."

"अहो, ते सगळ्यांनाच तसं म्हणतात."

"माझे बाबा आहेत ते. ऑफिसातल्या मैत्रिणीने मागच्या हंगामातल्या सहलीचा व्हिडिओ दाखवला, त्यात दिसले. घरी जायची हिंमत होईना, म्हणून तिकीट काढून इथे आले."

 गाईडने खिशातून हात काढला आणि तिला बटण दाखवलं. मग तिला माझ्यामागे नेलं.

मागे काकांचं स्टूल तसंच होतं. डोकं टेकून टेकून माझ्या पाठीवर त्यांच्या केसांच्या तेलाचा डाग पडला आहे. त्या डागावर तिने कपाळ टेकलं. माझं प्लायवूड ओलं झालं.

तेवढ्यात पुढे दुसरी बस आली. कुठल्याशा आजींनी कडी वाजवली आणि गाईडचं बोट सवयीने बटणावर पडलं.

"कोण आहे?" काका तिच्या कानाशीच बोलले.

"मी रे बाबा, मी!" बाहेर आजी खुदखुदल्या.

"थांब, आलो."

तिने डोळे पुसले आणि फळीला हात घातला. खिळे कुरकुरले. गाईड पुढे झाला, दोघांनी जोर लावला, फळी निघाली. वाटेत येणारं स्टूल तिने पायाने बाजूला सारलं. तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला! मी उघडलो.

"अगो बाई, खरंच आलं की कोणीतरी!" आजी दचकल्या. मग तिचा चेहरा बघून त्यांनी कडी हळूच सोडली.

"या," ती म्हणाली.

संध्याकाळी ती बसने गेली. फळी पुन्हा ठोकली गेली. हंगाम सरला की आता स्पीकरही काढून नेतात. तरी वाऱ्याने कडी हलली की माझ्या लाकडात कोणीतरी म्हणतं, "थांब, आलो." मी कान देतो. स्टूल सरकत नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नाही दिलात तरी चालेल. पण तुमच्या घराला खरा दरवाजा आहे, मागे खरं घर आहे. रागाच्या भरात तो कोणाला बंद करू नका. आणि तुम्ही बाहेर असाल, तर स्टूल सरकवायला आत माणूस आहे तोवर कडी वाजवा.