थोरलीचं पान

धाकटीनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि पुस्तकाच्या शेवटच्या, कोऱ्या पानावरून वाचायला सुरुवात केली.

"ताईचं बोट धरून मी पहिल्यांदा चर्चची पायरी चढले. आई होतीच, पण मला वाढवलं ते ताईनं."

दृष्टी गेलेली थोरली उशीला टेकून कान देऊन ऐकत होती. धाकटीनं म्हातारपणी लिहिलेलं हे पुस्तक ती रोज दुपारी ऐकत आली होती. गावातला न्हावी, पोस्टमास्तर, चर्चची घंटा वाजवणारा तोतरा, शेजारणीची लंगडी कुत्रीसुद्धा त्यात येऊन गेली. थोरलीचा मात्र पत्ता नव्हता. शेवटी न राहवून तिनं विचारलं होतं, "अन् मी गं?"

"आहेस ना. ऐक की."

ऐकता ऐकता थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मला वाटलं, तू अजून तेच धरून बसली असशील."

ते म्हणजे धाकटीचं मोडलेलं लग्न. ऑर्गन वाजवणाऱ्याशी तिचं ठरलं होतं. पाळकांनी चर्चमध्ये लग्नाची सूचना वाचली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाची हरकत? थोरली भर चर्चमध्ये उभी राहिली. "हिला फिट येतात." लहानपणी तापात एकदा आली होती, तेवढीच. पण अंथरुणाला खिळलेल्या आईचं करायला घरात कुणीतरी हवं होतं. ऑर्गनवाल्यानं काढता पाय घेतला. धाकटीला पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि थोरलीनं माफीचं अक्षर कधी काढलं नाही.

आत्ताही काढलं नाही.

"रविवारी पुस्तकं वाटशील ना, तेव्हा हेच वाच. सगळ्यांच्या देखत."

धाकटीनं पुस्तक मिटलं. माफीचा एक शब्द आला असता, तरी तिनं हे पान चर्चमध्ये तोंडपाठ म्हटलं असतं.

"वाचू की," ती म्हणाली.

रविवारी उपासना संपली. थोरली ठेवणीतले कपडे घालून पुढच्या बाकावर बसली होती. पाळकांनी धाकटीला वाचायला बोलावलं. तिनं पुस्तक त्यांच्याच हातात दिलं.

"माझे डोळे आज साथ देत नाहीत. तुम्हीच वाचा. शेवटचं पान, ताईवरचं."

थोरलीनं मान ताठ केली. पाळकांनी शेवटचं पान पाहिलं, त्याच्या आधीचं पाहिलं, मग पुढून चाळायला लागले.

"इथे तर... ताईंबद्दल काही दिसत नाही."

"नीट बघा हो," थोरली हसत मोठ्यानं म्हणाली. "माझंच आहे ते."

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. धाकटी तिच्याशेजारी जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला आणि पाळकांना खुणेनं सांगितलं, सावकाश शोधा, घाई नाही.