ठुमकीच्या डाव्या पायाचा नाल

मी नाल बोलतोय. ठुमकी नावाच्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाचा. हल्ली मामांच्या थंड पडलेल्या भट्टीशेजारी खुंटीवर असतो. गंजलोय, पण कान शाबूत आहेत.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, पण सख्खी भाची एकच. ठुमकी तिची. रोपवाटिकेतली रोपं गाडीत भरून दोघी घरोघर पोचवायच्या. मामांनी मला ऐरणीवर ठोकून घडवलं आणि ठुमकीच्या पायात बसवताना म्हणाले, "लेका, माझ्या बाईला जप." जपलं हो! खडी, दगडधोंडे, सगळं अंगावर घेतलं. कोपऱ्यावर माझा खणखणाट झाला, की डोळ्यांनी अधू झालेले मामा ओट्यावरूनच ओरडायचे, "आली गं बाई माझी!" काय मिजास चढायची मला तेव्हा!

पुढे ठुमकी लंगडायला लागली. मामा खूर छाटून मला आणखी घट्ट ठोकायचे. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. खूर हातात घेऊन म्हणाल्या, "मामा, टाच आवळत चाललीय. नालामुळे खुराला फाकायला जागाच नाही. काढून बघू या, नाहीतर हिचं चालणं संपलं म्हणून समजा."

म्हणजे मीच? जिला जपायचं, तिलाच मी आवळत होतो?

"नालाशिवाय घोडी रस्त्यावर? काहीतरीच!" मामा ऐकेनात. मग भाचीनेच पकड घेऊन चारही नालांचे खिळे उपटले. पण घाई नडली. दुसऱ्याच दिवशी तिने गाडी जुंपली आणि खडीच्या रस्त्याने नेली. ठुमकी परत आली ती पाय उचलून धरतच. पागेत गेली आणि आडवी झाली. भाची तिच्या गळ्यात पडून रडत होती. "माझंच चुकलं, मामा. हिचं चालणंच संपलं की काय?"

मामांनी मला उचललं, हातोडी घेतली. ठोका मामा, ठोका, मी मनातल्या मनात ओरडत होतो. मी खुराला टेकलो मात्र, ठुमकीने पाय मागे ओढून घेतला. मामांनी तिचा पाय बराच वेळ कुरवाळला आणि हातोडी खाली ठेवली.

त्यानंतर गाडी बंद. मऊ मातीवर थोडं थोडं फिरवणं, एवढंच. अंगणात मामा खूर चाचपायचे आणि भाची कानस चालवायची. "दोन्ही बाजू सारख्या ठेव. पुढची कड गोल कर. अगं, हात जरा आखडता घे, उद्याही दिवस आहेच!" मी तेव्हा दाराशी पडलेलो, तिथून बघायचो. नवा खूर वरून उतरत होता आणि माझ्या खिळ्यांची भोकं खाली सरकत होती. तिच्या अंगावर माझी तेवढीच खूण उरली होती. एका सकाळी शेवटचं भोकही कानशीखाली गेलं. भाची आनंदाने हसली. मला रडू आलं.

आता ठुमकी पुन्हा गाडी ओढते, तीही ऐटीत. पण पाय वाजत नाही तिचा. गाडी सोडली की मागून येऊन ती मामांच्या खांद्यावर तोंड ठेवते म्हणे. ते दचकतात, मग तिच्या मानेला मिठी मारतात. मला मात्र इथे आत खुंटीवर ती आली की गेली, काही कळत नाही.

मामा, एवढं ऐका. भट्टी एकदाच पेटवा. मला पुन्हा नाल नका करू, तिच्या पागेच्या दाराची कडी करा. रोज संध्याकाळी ती नाकाने दार ढकलते ना? तेवढा तिचा श्वास लागला तरी पुरे मला.